अटलांटिकच्या दोन्ही काठांवरच्या लोकप्रतिनिधींना, उरणहून

उरण, जि. रायगड
८ सप्टेंबर २०२५

प्रति,
सन्माननीय सभासद,
युरोपीय संसद आणि अमेरिकेचं प्रतिनिधिगृह

विषय: आयातशुल्क ठरवण्याचा तुमचा अधिकार तुम्ही परत घेण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

पत्रास कारण की, आयातशुल्कावर गेले काही महिने सगळे बोलतायत. ज्यांनी बोलायला हवं ते तुम्ही मात्र कुठेच ऐकू येत नाही.

आधी माझी ओळख. न्हावा-शेवा बंदरालगत एका कस्टम्स एजंटच्या ऑफिसात मी बावीस वर्षं कागदं करतोय. सोलापूरचे टॉवेल, भोसरीचे नट-बोल्ट, नाशिकची द्राक्षं, जे येईल त्याला एचएस कोड, म्हणजे मालाच्या प्रकाराचा नंबर, लावायचा, शिपिंग बिल भरायचं, कंटेनर गेटच्या आत गेला की चहा प्यायचा. हा कोड ठरवणारी संस्था ब्रसेल्सला आहे आणि तिची यादी १ जानेवारी १९८८ पासून चालते. पहिले सहा आकडे जगभर सारखे. ताजी द्राक्षं म्हणजे ०८०६१०, मग ती उरणला असोत, रॉटरडॅमला असोत की बाल्टिमोरला. सुती टर्किश टॉवेल ६३०२६०. तुमच्या निवेदनांमध्ये ‘सामायिक मूल्यं’ हा शब्द वाचला की माझ्या डोळ्यांसमोर हे सहा आकडेच येतात. कितीतरी देशांनी बसून, भांडून, एका वस्तूचं एक नाव ठरवलं. यापेक्षा जास्त सामायिक काय असतं, मला माहीत नाही.

पुढचे आकडे मात्र ज्याचे त्याचे. आणि त्यांच्यासमोरचा टक्का तर आता ज्याच्या त्याच्या मर्जीचा.

२७ ऑगस्टला आमच्याकडे गणपती बसले. अमेरिकेने भारतीय मालावर लावलेलं ५० टक्के शुल्क त्याच दिवशी लागू झालं: तिकडे रात्रीचे १२ वाजून १ मिनिट, म्हणजे आमच्याकडे सकाळचे ९ वाजून ३१ मिनिटं. भटजी घरात आले होते. मूर्तीसमोर मी अक्षता घेऊन बसलोय आणि फोन वाजतोय. सोलापूरचे टॉवेलवाले. त्यांचा एक कंटेनर २४ तारखेला जहाजावर चढला होता. अमेरिकी कस्टम्सने सवलत अशी दिली होती की २७ च्या त्या मिनिटाआधी माल जहाजावर चढलेला असला आणि १७ सप्टेंबरच्या आत तिथे सुटला, तर जादा शुल्क नाही. मालकांना माल चढल्याच्या पावतीबद्दल एवढंच विचारायचं होतं, “बिल ऑफ लॅडिंगवर तारीख बरोबर पडली ना?” पडली होती. चार वेळा सांगितलं, पडली आहे. मग मूर्तीची प्राणप्रतिष्ठा झाली.

तुम्ही म्हणाल, हे गाऱ्हाणं भारत आणि अमेरिकेतलं, आमच्या अटलांटिकशी याचा काय संबंध? शुल्काचा आकडा आमच्यापुरता असेल, पण ते लावायची जी रीत पडली आहे ती तुमच्या दोघांतच पडली. सहाच दिवस आधी, २१ ऑगस्टला, तुमच्या दोन सरकारांचं संयुक्त निवेदन आलं. त्याचा पाया २७ जुलैला स्कॉटलंडमध्ये टर्नबेरीच्या गोल्फ मैदानावर घातला गेला. मैदान अमेरिकेच्या अध्यक्षांच्या स्वतःच्या मालकीचं, आणि ज्या देशात आहे तो युरोपीय संघातून २०२० मध्येच बाहेर पडलेला. पाहुणा कोण आणि यजमान कोण, हे तिथल्या खुर्च्यांनाही कळलं नसेल. ठरलं काय, तर युरोपच्या बहुतेक मालावर अमेरिकेत १५ टक्क्यांपर्यंत शुल्क, आणि अमेरिकेच्या औद्योगिक मालावर युरोपात शून्य. शिवाय युरोपने २०२८ पर्यंत ७५ हजार कोटी डॉलरचं इंधन वगैरे घ्यायचं, आणि युरोपच्या कंपन्यांनी ६० हजार कोटी डॉलर अमेरिकेत गुंतवायचे. कंपन्यांचा पैसा कंपन्यांचा, त्यांना हुकूम सोडायचा अधिकार युरोपीय आयोगाला नाही. आवळा देऊन कोहळा काढणं आम्ही म्हणतो ते हेच, फक्त इथे आवळा तरी दिला होता का, हे मी अजून शोधतोय.

पण किती टक्के, याबद्दल मला भांडायचं नाही. मला विचारायचंय ते हे, की हे ठरताना तुम्ही कुठे होता?

अमेरिकेच्या राज्यघटनेत पहिल्या कलमाच्या आठव्या विभागात लिहिलंय की शुल्क बसवायचं आणि परदेशांशी होणाऱ्या व्यापाराचे नियम करायचे ते काँग्रेसने. युरोपात लिस्बन करार डिसेंबर २००९ मध्ये लागू झाला आणि तेव्हापासून व्यापार कराराला संसदेची संमती लागते. ती नुसती शोभेची नाही. ४ जुलै २०१२ ला याच संसदेने बनावट मालाविरुद्धचा ‘ॲक्टा’ करार ४७८ विरुद्ध ३९ मतांनी फेकून दिला होता. आत्ताच्या निवेदनातही युरोपच्या बाजूचं शुल्क उतरवायचं तर कायदा तुमच्या सभागृहातून जावा लागतो. अमेरिकेच्या बाजूने मात्र सगळं अध्यक्षांच्या सहीने. एका हाताने टाळी वाजवायची आणि तिला करार म्हणायचं, असा हा प्रकार.

तुम्हा दोघांची एक जुनी बैठक आहे. युरोपीय संसदेचे आणि प्रतिनिधिगृहाचे सभासद १९७२ पासून एकमेकांकडे येतायत-जातायत, १९९९ पासून त्याला ‘ट्रान्सअटलांटिक लेजिस्लेटर्स डायलॉग’ असं भारदस्त नावही आहे. हे पत्र खरं तर तिच्याच पत्त्यावर आहे. दोन्हीकडे निवडून आलेली माणसं समोरासमोर बसतात अशी तुमच्याकडची ही जागा, आणि तिची बातमी मी कधी पहिल्या पानावर पाहिली नाही.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे, नाहीतर तुमच्यातलाच कुणी इतिहास जाणणारा मला गप्प करील. काँग्रेसच्या हातात शुल्क होतं तेव्हा काय झालं? १९३० साली स्मूट आणि हॉली या दोघांच्या नावाचा कायदा झाला. प्रत्येक सभासदाने आपापल्या मतदारसंघातला माल त्यात घुसवला. हजारावर अर्थतज्ज्ञांनी अध्यक्ष हूव्हर यांना पत्र लिहून विनवलं, सही करू नका. त्यांनी केली. बाकीच्या देशांनी उलट शुल्कं लावली आणि आधीच मंदीत सापडलेला व्यापार आणखी आटला. १९३४ मध्ये काँग्रेसने शहाणपणाने म्हणा, पश्चात्तापाने म्हणा, वाटाघाटी करून शुल्क कमी करायची मुभा अध्यक्षांना दिली. ती मुदतीची होती आणि निम्म्यापर्यंतच होती. त्या मुभेतूनच पुढे १९४७ मध्ये जिनिव्हाला २३ देशांचा शुल्क आणि व्यापारावरचा गॅट करार झाला. त्यात भारतही होता, स्वतंत्र होऊन जेमतेम अडीच महिने झालेला.

म्हणजे चाव्या दिल्या होत्या कुलूप काढायला. त्याच चाव्यांनी आता कुलपं लावली जातायत आणि तुम्ही ओसरीवर बसून बघताय.

अमेरिकेच्या १९६२ च्या व्यापार कायद्यात २३२ नंबरचं कलम आहे: आयातीमुळे राष्ट्रीय सुरक्षेला धोका असेल तर अध्यक्षांनी ती रोखावी. २०१८ मध्ये त्याच कलमाखाली युरोपच्या आणि कॅनडाच्या पोलादावर २५ टक्के शुल्क लागलं. धोका कुणापासून? तर ज्यांच्याशी ४ एप्रिल १९४९ ला वॉशिंग्टनमध्ये नाटोचा करार केला त्यांच्यापासून. त्या कराराचं दुसरं कलम कुणी वाचत नाही. कॅनडाच्या आग्रहाने घातलेलं ते कलम म्हणतं, सभासद देशांनी आपल्या आर्थिक धोरणांतले झगडे मिटवायचा प्रयत्न करावा. पाचवं कलम, एकावर हल्ला तो सगळ्यांवर, सगळ्यांना पाठ. दुसरं कपाटात.

युरोपने तेव्हा उलट शुल्क लावलं ते बर्बन व्हिस्की, जीन्स आणि हार्ले-डेव्हिडसनवर. हार्ले हे नाव आलं की मला आमचा आंबा आठवतो. २००६ मध्ये अध्यक्ष बुश भारतात आले तेव्हाच्या बोलण्यांतून अमेरिकेचं दार आंब्याला उघडलं आणि भारताचं हार्लेला. २००७ मध्ये लासलगावच्या केंद्रात विकिरण करून आंब्याच्या पेट्या अमेरिकेला गेल्या. मोटरसायकल आणि आंबा यांचा एकमेकांशी काय संबंध? काही नाही. पण दोघांनी बसून ठरवलं, अटी लिहिल्या, त्या अटींवर आजही पेट्या जातात. अशा सौद्याला माझी ना नाही.

आता माझ्या धंद्यातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट सांगतो. नव्या पोरांना मी ती हमखास ऐकवतो. १९६२ मध्ये युरोपने अमेरिकेच्या स्वस्त कोंबडीवर शुल्क वाढवलं. अमेरिका गॅटमध्ये गेली, तिथल्या पंचांनी नुकसान २ कोटी ६० लाख डॉलर ठरवलं. डिसेंबर १९६३ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी तेवढ्याची भरपाई म्हणून ब्रँडी, बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन आणि हलके ट्रक या चार गोष्टींवर शुल्क लावलं. ट्रकवर २५ टक्के. रोख फोक्सवागनकडे होता. कोंबडीचं भांडण केव्हाच विझलं, ट्रकवरचं शुल्क आज ६१ वर्षांनंतरही आहे. मग काय झालं? प्रवासी गाडी म्हणजे ८७०३, तिच्यावर तेव्हा अडीच टक्के. मालवाहू म्हणजे ८७०४, तिच्यावर पंचवीस. अमेरिकेचीच फोर्ड कंपनी तुर्कस्तानातून आपल्या छोट्या व्हॅन आणायची. आणताना त्यांत मागची सीट आणि खिडक्या. बाल्टिमोरला कस्टम्समधून सुटल्या की सीट उपटायची, काचांच्या जागी पत्रे बसवायचे, झाली मालवाहू. सीट जायची भंगारात! हे वर्षानुवर्षं चाललं, कोर्टकज्जे झाले, आणि २०२४ मध्ये फोर्डने साडेछत्तीस कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं. बसायला कुणी नव्हतं अशा सीट बनवायच्या, समुद्रापार न्यायच्या आणि मोडायच्या. एका कोंबडीपायी.

पण बघा, त्या वेड्या भांडणातही पंच होते. रक्कम मोजली गेली, कारण छापलं गेलं. केळ्यांचंही तसंच. १९९३ पासून २०१२ पर्यंत तुम्ही दोघं केळ्यांवरून भांडलात. ती केळी पिकत होती लॅटिन अमेरिकेत आणि कॅरिबियनमध्ये, आणि १९९९ मध्ये शिक्षा भोगली युरोपातल्या हँडबॅगा, पलंगपोस आणि बॅटऱ्या बनवणाऱ्यांनी. हास्यास्पद होतं, तरी शिक्षेची रक्कम जागतिक व्यापार संघटनेच्या लवादाने ठरवलेली होती. एअरबस आणि बोइंगचं भांडण २००४ मध्ये सुरू झालं; अमेरिकेला साडेसातशे कोटी डॉलरच्या मालावर आणि युरोपला चारशे कोटींच्या मालावर शुल्क लावायची परवानगी मिळाली, दोघांनीही लावलं, आणि शेवटी जून २०२१ मध्ये पाच वर्षांचा तह केला. तो पुढच्या वर्षी संपतो. कुणाच्या लक्षात आहे का, देव जाणे.

आता पंचच उरले नाहीत. व्यापार संघटनेच्या अपिलाच्या मंडळावर सात जण हवेत, खटला ऐकायला निदान तीन. अमेरिकेने नेमणुका अडवल्या आणि ११ डिसेंबर २०१९ ला तिथे एकच सभासद राहिला. हे काम एका पक्षाच्या अध्यक्षाने केलं म्हणावं, तर दुसऱ्या पक्षाच्या अध्यक्षानेही ते सुधारलं नाही. आमचे हातही अगदी धुतलेले नाहीत. उसाच्या आणि साखरेच्या मदतीवरून ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला आमच्याविरुद्ध जिंकले, तेव्हा जानेवारी २०२२ मध्ये भारताने याच बंद पडलेल्या मंडळाकडे अपील केलं. न्यायाधीश नाहीत, म्हणून निकालही नाही. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांना ते सोयीचं होतं, मला ठाऊक आहे. पण आज ५० टक्क्यांविरुद्ध दाद कुठे मागायची म्हणून आम्ही इकडेतिकडे बघतो तेव्हा ती सोय आठवते आणि जरा ओशाळायला होतं.

लोक म्हणतात, संसदेच्या हातात दिलं की घोंगडं भिजत पडतं. पडतं. २०१६ च्या ऑक्टोबरात बेल्जियमच्या वालोनिया प्रांताने, पस्तीसेक लाख वस्तीच्या, कॅनडाबरोबरचा करार अडवून धरला. कॅनडाच्या व्यापारमंत्री बोलणी सोडून निघाल्या, रडवेल्या झाल्या होत्या. ठरलेली शिखर परिषद रद्द झाली. मग तीन दिवसांनी, ३० तारखेला, सह्या झाल्या. त्या अडवणुकीतून काय निघालं? कराराचा अर्थ कसा लावायचा याचं एक जोडपत्र, आणि गुंतवणूकदारांसाठीचं वेगळं न्यायालय युरोपच्या कायद्यात बसतं का, हे युरोपच्या कोर्टाला विचारायचं आश्वासन. कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलं, बसतं. सगळ्या देशांची मंजुरी अजून बाकी आहे, फ्रान्सच्या सिनेटने तर मागच्या वर्षी नकारच दिला. तरी करार सप्टेंबर २०१७ पासून बहुतांशी लागू आहे आणि माझ्यासारख्या कागदवाल्याला उद्या काय शुल्क असेल ते आज माहीत असतं. मला हे हळू चालणारं आवडतं. हळू बदलणाऱ्या दरावर कोटेशन देता येतं.

आणि त्याच कराराची एक गंमत. त्याने कॅनडाची शेवंड युरोपात बिनशुल्काने जायला लागली. (तुम्ही लॉबस्टर म्हणता. आमच्या करंजाच्या कोळणींना विचारा, शेवंडच.) शेजारच्या, अमेरिकेतल्या मेन नावाच्या राज्यातल्या कोळ्यांचं गिऱ्हाईक पळालं. त्यांनी वॉशिंग्टनला आपल्या प्रतिनिधींकडे तगादा लावला आणि २०२० मध्ये युरोपने अमेरिकी शेवंडीवरचंही शुल्क काढलं, बदल्यात अमेरिकेने काचसामानासारख्या काही वस्तूंवरचं निम्मं केलं. कोळी, लोकप्रतिनिधी, करार. लोकशाही आणि व्यापार यांची सांगड घालायची म्हणजे मला एवढंच अपेक्षित आहे. शेवंडीला जमलं ते पोलादाला का जमू नये?

२०२१ मध्ये तुमच्या सरकारांनी व्यापार आणि तंत्रज्ञान परिषद स्थापन केली, पहिली बैठक पिट्सबर्गला झाली. तिच्या पहिल्याच निवेदनात होतं की धोरणं सामायिक लोकशाही मूल्यांवर आधारू. सहा बैठका झाल्या, शेवटची २०२४ च्या एप्रिलमध्ये लूव्हेनला. त्या परिषदेत मंत्री होते, आयुक्त होते. तुम्ही नव्हता. म्हणून सरकार बदललं तशी ती विरून गेली आणि कुणाला चुकल्यासारखंही वाटलं नाही.

युरोपच्या सभासदांशी दोन शब्द वेगळे बोलायचेत. येत्या १ जानेवारीपासून तुमचा आयात मालावरचा कार्बन कर पुरता लागू होतोय. ऑक्टोबर २०२३ पासून त्याचे नुसते अहवाल चालू होते. भोसरीचा एक कारखानदार, तीस-पस्तीस कामगार, कोड ७३१८, नट-बोल्ट. जर्मनीतलं गिऱ्हाईक म्हणालं, मालामागे किती कार्बन निघतो ते कळवा. हा गृहस्थ प्लास्टिकच्या पिशवीत दोन वर्षांची विजेची बिलं घेऊन माझ्या टेबलापाशी आला. वीज मोजता आली. तार ज्याच्याकडून घेतो त्याला कार्बन विचारला, तर तो म्हणाला, “शेठ, हे काय नवीन?” आम्ही तिघांनी मिळून रात्री दहापर्यंत ते भरलं. हवामानासाठी हा कर लागला तर मी समजू शकतो; तुमच्या संसदेत त्यावर रीतसर चर्चा झाली, मतदान झालं. पण २१ ऑगस्टच्या निवेदनात वाचतो, की अमेरिकेच्या लहान उद्योगांची अडचण लक्षात घेऊन याच करात आणखी ढिलाई द्यायचा प्रयत्न आयोग करील. भोसरीचा उद्योगही लहानच आहे हो. कायदा तुम्ही केलात आणि सूट वाटतंय भलतंच कुणी, तीही ज्याचा आवाज मोठा त्याला. याचा जाब तुम्ही नाही तर कोण विचारणार?

माझं गाव बंदराच्या कुशीत आहे. इथे १९८४ च्या जानेवारीत, जमिनीचा भाव आम्हाला न विचारता ठरवला म्हणून शेतकरी रस्त्यावर उतरले. जासईच्या दास्तान फाट्यावर आणि नवघर फाट्यावर गोळीबार झाला, पाच जण गेले. त्यानंतर विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा देण्याचं धोरण आलं. बंदर झालं, माझं पोट त्यावर चालतं, मी बंदराच्या विरोधात नाही. पण ‘आधी विचारा’ म्हणजे काय, हे उरणच्या माणसाला वॉशिंग्टनने किंवा ब्रसेल्सने शिकवायला नको.

तुमच्याकडे आत्ता कुणी ‘आधी विचारा’ म्हणत असेल तर ती न्यूयॉर्कची एक छोटी कंपनी आहे. युरोपातून आणि इतर देशांतून वाइन आणते. तिने आणि आणखी काही लहान धंदेवाल्यांनी अध्यक्षांवर खटला भरला, की अमेरिकेच्या १९७७ च्या, आणीबाणीतल्या अधिकारांच्या कायद्यात ‘शुल्क’ हा शब्दच नाही, मग त्याखाली शुल्क लावलंत कसं? मे महिन्यात व्यापार न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला, २९ ऑगस्टला अपील न्यायालयाने ७ विरुद्ध ४ मतांनी तोच धरला. आता प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या दाराशी आहे. निकाल काहीही लागो. पण तुमची घटनेतली सत्ता वाचवायला एका वाइनवाल्याने वकील लावावा आणि ४३५ जणांच्या सभागृहाने वाट बघत बसावं, हे बरं दिसतं का?

मागणं मोठं नाही. मुदतीची मुभा द्यायची १९३४ ची पद्धत परत आणा: अध्यक्षांनी शुल्क लावलं तर ठरावीक दिवसांत सभागृहाचं मत घेतलंच पाहिजे, नाहीतर ते आपोआप गळून पडेल. दोघांच्या निवेदनात जे काही असेल ते दोन्ही सभागृहांपुढे त्याच शब्दांत ठेवा. विमानांचा तह पुढच्या वर्षी संपायच्या आत त्यावर तुमची ती जुनी बैठक बोलवा, आणि या वेळी नुसता फोटो काढू नका. आणि दर बदलायचाच असेल तर जहाजाला समुद्र ओलांडायला जितके दिवस लागतात तितकी तरी नोटीस द्या. हे शेवटचं तुमच्यापैकी कुणी एक दिवस माझ्या टेबलाशी बसलं असतं तर सांगावं लागलं नसतं.

सोलापूरवाल्यांनी आज सकाळी परत विचारलं. मी संगणकावर जहाज काढून दाखवलं. तांबड्या समुद्रातून अजून कुणी धड जात नाही, त्यामुळे वळसा घालून ते आफ्रिकेच्या टोकापाशी पोचलंय. तिथून न्यूयॉर्क निदान पंधरा-सोळा दिवस. १७ तारखेला उरले नऊ.

कळावे, लोभ असावा.

आपला,
न्हावा-शेवा बंदरातला एक कागदवाला